दवाखान्याच्या अलीकडे

माहेर अकोट, सासर दर्यापूर, नोकरी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात. आधी उपकेंद्रावर सिस्टर, मग आरोग्य सहायिका. नोकरीचा एक भाग खारपाणपट्ट्यात गेला, दुसरा मेळघाटात. आता मुलाकडे अकोल्यात राहते. गल्लीतल्या बाया अजून बीपी मोजून घ्यायला येतात, आणि परीक्षा जवळ आली की नर्सिंगच्या पोरी विचारतात, "मॅडम, सार्वजनिक आरोग्यावर नेमकं काय लिहायचं?" पुस्तकातली व्याख्या लिहा म्हणते, मार्क तिचेच मिळतात. नोकरीने जे शिकवले ते त्या पुस्तकात नव्हते. ते इथे लिहिते आहे. क्रमाला फार अर्थ नाही, जसे आठवले तसे.

१. गावात गेले की आधी पाणी सोडणाऱ्याला गाठावे.

सरपंच चहा पाजतो, सचिव रजिस्टर पुढे करतो; गावाची तब्येत मात्र पंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या माणसाला ठाऊक असते. व्हॉल्व्ह कुठे गळतो, कोणाची नळी नालीतून गेली आहे, कोणी नळाला मोटर लावली आहे, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर शेवटची कधी टाकली, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. ओटी टेस्टला मी त्यालाच सोबत घ्यायची. छोट्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळे झाले की त्यात क्लोरीन आहे. बहुतेक जण ही टेस्ट टाकीजवळच्या नळाला उरकतात, कारण तिथे रंग हमखास येतो. मी गावाच्या शेवटच्या तोटीला करायची. टाकीजवळ पिवळेधमक झालेले पाणी टोकाला कित्येकदा पांढरेच राहायचे. टोकाला कोणाची वस्ती असते हे वऱ्हाडात सांगावे लागत नाही. हगवण लागली की तिथूनच सुरू व्हायची, आणि गाव म्हणायचे, त्या लोकांना स्वच्छता कळत नाही.

पावडरीचेही बघून घ्यावे. पंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडे असलेले पोते, पावसाळी हवेने ओल धरलेली पावडर. ती नाकाला झोंबली नाही तर विहिरीत टाकून उपयोग नाही. क्लोरीन उडून गेलेला असतो, उरतो तो चुना.

२. वीजबिल हा आरोग्याचा कागद आहे.

२०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याची साथ आली. माणसे दगावली, घरोघर आजारी. गावाच्या नळयोजनेचे वीजबिल थकले होते, वीज तोडलेली होती, आणि लोक उघड्या विहिरीचे दूषित पाणी पीत होते. लंडनच्या डॉ. जॉन स्नोची गोष्ट आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवत. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवतीच कॉलऱ्याचे मृत्यू होताहेत हे त्याने दाखवले आणि पंपाचा दांडा काढायला लावला. (साथ तोवर ओसरू लागली होती हे त्यानेच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.) तिकडे पंप बंद केल्याची गोष्ट दीडशे वर्षे सांगतात. आमच्याकडे पंप बंद पडला म्हणून कॉलरा आला.

साथ आल्यावर सगळे धावले. डॉक्टरांची पथके, औषधे, टँकर, पुढारी, वाहिन्यांच्या गाड्या. त्या एका आठवड्यात जे पेट्रोल जळले असेल त्यापुढे थकलेले बिल कितीसे असणार? पाणीपुरवठ्याची वीज तोडण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्याची सही लागावी असे माझे मत आहे. हा नियम करायला पैसा लागत नाही.

३. जो सल्ला पाळता येत नाही तो देऊ नये.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा खारपाणपट्टा ज्याने पाहिला नाही त्याला ही गोष्ट चटकन समजणार नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, पलीकडे बुलढाण्यातले शेगाव, संग्रामपूर. जमीन काळीभोर, बोअरला पाणीही लागते, पण तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातले की फाटते. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी विहिरी ही वरची मर्यादासुद्धा मानत नाहीत.

या पट्ट्यात किडनीचे रुग्ण फार. दोष एकट्या पाण्याचा नाही. उन्हात दिवसभर राबणे, पाणी बेचव म्हणून कमी पिणे, कंबर दुखते म्हणून रोज मेडिकलवरून आणलेली दुखीची गोळी, बीपी न तपासणे, हे सगळे त्यात मिसळलेले असते. आता बऱ्याच गावांत आरओचे थंड पाणी विकत मिळते. ज्याला रोजची कॅन परवडते तो गोड पाणी पितो, ज्याला नाही तो हापशीवर जातो. एकाच गल्लीत दोन प्रकारचे पाणी पिणारी माणसे राहतात. दहा-वीस वर्षांनी डायलिसिसच्या यादीत त्यातली कोणती दिसतील, याचा अंदाज मला तेव्हाही होता.

अकोटच्या बाजूला वान धरणावरून ८४ खेडी योजना झाली. तिचे मोल माझ्या माहेरच्या बायांना विचारा. पण नळ आला तरी रोज येत नाही. मग घरात जेवढी भांडी आहेत तेवढी भरून ठेवायची: रांजण, ड्रम, सिमेंटचा हौद, अगदी लेकराची आंघोळीची बादलीसुद्धा. आणि आम्ही कंटेनर सर्वेला जाणार, बॅटरीच्या उजेडात ड्रममध्ये वळवळणाऱ्या डासाच्या अळ्या दाखवणार आणि सांगणार, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून वाळवा. एका बाईने मला ड्रमवर हात ठेवून विचारले, "पानी सांडून देऊ म्हन्ता, मंग उद्या भरून तुमी देता काय, सिस्टर?"

तिचे बरोबर होते. त्यानंतर मी कोरडा दिवस नळाच्या वेळापत्रकाला बांधून सांगू लागले: नळ यायच्या आदल्या संध्याकाळी, भांडी तशीही तळाला गेलेली असतात तेव्हा, घासून पालथी घाला. हौद रिकामा होत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा, ड्रमला जुन्या लुगड्याचे फडके घट्ट बांधा. पत्रकात मजकूर तोच राहिला, पण बाया ऐकू लागल्या. अकोला शहरातही महान धरणाचे पाणी काही दिवसांआडच्या हिशेबाने येते, आणि शहरातल्या डेंग्यूचे मूळ मी अजून त्या हिशेबातच पाहते. डास मारायच्या धुराची गाडी दिसते छान, पोरे मागे पळतात.

४. विषबाधेचा रुग्ण ओपीडीत येतो तेव्हा त्याचा आजार जुना झालेला असतो.

२०१७ चा पावसाळा वऱ्हाडातला कोणी विसरणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले. अकोला, अमरावतीकडेही रुग्ण आले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. फवारणारा पिकाच्या वरून नाही, पिकाच्या आतून चालत होता. हवा दमट, पंप मोटरचा, एकात दोन-तीन औषधे मिसळलेली, आणि मजूर सकाळपासून ऊन उतरेपर्यंत एका वावरातून दुसऱ्या वावरात.

अशा रुग्णाला मी जवळून पाहिले आहे. पहिली खूण डोळ्यांत. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक झालेली, खोलीत अंधार असला तरी मोठी होत नाही. तोंडाला लाळ, अंगाला घामाची धार, छातीत घरघर, दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप थरथरतात. कपड्याला त्या औषधाचा वास, आणि तो वास कपडे काढून अंग साबणाने धुतल्याशिवाय जात नाही. म्हणून इंजेक्शनच्या आधी बादली लागते. मग अॅट्रोपिन, पुन्हा अॅट्रोपिन, बाहुली मोठी होईपर्यंत, छाती मोकळी होईपर्यंत.

नंतर गावोगाव जनजागृती सुरू झाली. मास्क, हातमोजे, चष्मा, अंगभर कोट. एका सभेत मागे बसलेला फवारणीचा मजूर उठला. "म्या कोट घातला तं इखानं मराच्या आंधी घामानंच मरन, बाई. अन् हातमोजे घालून बारीक नोझल साफ होते काय?" कृषीवाल्या साहेबांनी त्याला खाली बसवले. मला वाटते सभेत कामाचे तेवढेच बोलले गेले होते. मजुरी पंपावर मिळते. जितके पंप माराल तितके पैसे. दुकानात कोणते औषध कशात मिसळायचे हे दुकानदार सांगतो. जी औषधे अतिविषारी म्हणून कितीतरी देशांत बंद झाली, त्यांतली मोनोक्रोटोफॉससारखी औषधे आपल्याकडे कृषी केंद्रात बिनदिक्कत मिळत होती. यातले काय मजुराच्या हातात होते? त्याच्या हातात होता पंप.

प्रतिबंधाची जी पायरी सगळ्यात वर आहे ती म्हणजे धोकाच काढून टाकणे. मास्क सगळ्यात खालची पायरी. आपण नेहमी खालून सुरुवात करतो, कारण मास्क वाटताना फोटो येतो.

५. लहान बाळाचा श्वास मोजायला डॉक्टर लागत नाही.

मेळघाटातले बालमृत्यू १९९३ साली वर्तमानपत्रांत गाजले, तेव्हापासून तिथे गेलेल्या पथकांची गणती नाही. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, सातपुड्याचा डोंगर, कोरकूंची वस्ती. पावसाळ्यात नदी-नाले चढले की गाव तुटते, आणि नेमके याच महिन्यांत घरातले धान्य संपलेले असते, मूल वाळलेले असते, न्यूमोनिया आणि जुलाब येतात. एकट्या आजाराने मरणारे मूल मी क्वचित पाहिले. उपास, पाऊस, रस्ता आणि आजार असे चौघे मिळून त्याला नेतात.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, घरी जाऊन. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले; हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि पुढे आशाताईंच्या कामात त्याच पद्धतीने घरभेटी आल्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मेळघाटात धारणीजवळ उतावलीला डॉ. आशीष आणि डॉ. कविता सातव यांच्या 'महान' संस्थेनेही गावातल्याच बायांच्या हातून असे काम उभे केले आहे.

ती भेट कशी असते ते सांगते, कारण लोकांना वाटते आशा म्हणजे फक्त फॉर्म भरणारी बाई. आधी हात धुणे, साबणाने, कोपरापर्यंत. बाळाचे पाय मुठीत धरून पाहणे, थंड आहेत का. मग अंगावरचे फडके सारून एक मिनिट, पूर्ण एक मिनिट, पोटाकडे बघत श्वास मोजणे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आला, तर पुन्हा मोजणे. पुन्हा तेवढाच आला, किंवा बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर थांबायचे नाही, दवाखान्यात न्यायचे. मी पाहिलेली एक आशाताई आठवी शिकलेली होती. तिने मोजायला सुरुवात केली की सासू, नवरा, दारातली पोरे सगळी गप्प व्हायची. तिच्या हातातल्या घड्याळाला त्या पाड्यात जेवढा मान होता तेवढा आमच्या जीपला नव्हता.

भूमकाचेही, म्हणजे कोरकूंच्या गावठी वैदूचेही, सांगायला हवे. पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या अजून येतात, आणि त्या वाचून शहरातल्यांचे रक्त उसळते. गुन्हा नोंदवा म्हणतात. नोंदवा. पण रात्री दोन वाजता त्या आईच्या हाकेला ओ देणारा गावात भूमकाच असतो. ज्यांनी भूमकाला शत्रू न करता रुग्ण दवाखान्याकडे आणायचे काम त्याच्यावर सोपवले, मानधन देऊन पाहिले, ते मला जास्त शहाणे वाटले.

६. लस मुलाच्या मागे फिरली पाहिजे.

सोंगणीच्या दिवसांत, कापूस वेचणीला, वीटभट्टीला कोरकू कुटुंबे खाली मैदानात उतरतात. कार्ड घरी राहते, मूल कडेवर. ज्या गावात आले तिथल्या यादीत त्याचे नाव नाही, ज्या यादीत आहे तिथे ते नाही. होळीला मात्र सगळे परततात; होळीवाचून कोरकूचे वर्ष नाही. आमच्या एका मेडिकल ऑफिसरने होळीच्या आठवड्यात सगळ्यांच्या रजा बंद करून सत्रे लावली. स्टाफने शिव्या घातल्या, लसीकरण पूर्ण झाले.

७. सगळ्यांना सारखे दिले म्हणजे न्याय झाला, असे नाही.

सरकारी नियमालाही हे कळते. मैदानात ५००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात ३००० मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानात ३० हजारांना, डोंगरात २० हजारांना. कागदावर हे डोंगराच्या बाजूने झुकलेले दिसते. पण मैदानातले ५००० म्हणजे रस्त्यावरची दोन-तीन गावे, आणि डोंगरातले ३००० म्हणजे नाल्यांपलीकडे विखुरलेले कितीतरी पाडे. तिथली सिस्टर कमी माणसांसाठी जास्त चालते.

वेल्समधल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या साध्या जनरल प्रॅक्टिशनरने १९७१ मध्ये लिहून ठेवले की चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या उलट्या प्रमाणात मिळते. गरज जास्त तिथे सेवा कमी. त्याने कोळशाच्या खाणीतले मजूर पाहिले होते. त्याने अमरावतीचा कॅम्प रोड आणि धारणीचा रस्ता एका दिवसात पाहिला असता तरी हेच लिहिले असते. अमरावतीत इर्विन आहे, डफरीन आहे, सुपर स्पेशालिटी आहे, खासगी दवाखान्यांच्या पाट्या मोजता येत नाहीत. धारणीच्या बाईचे बाळंतपण अडले तर घाटातून दीडशेच्या आसपास किलोमीटर. कित्येक जण त्यापेक्षा मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर गाठतात, जवळ पडते म्हणून. २०१४ पासून १०८ ची गाडी आली, तिने जीव वाचवले, हे मी स्वतः पाहिले आहे. पण गाडी बोलवायला मोबाइलला रेंज लागते.

बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी एक-दोन रुपये फीवर दवाखाना चालवला; २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. बातम्यांत फी गाजते. मला त्यांच्या कामातला दुसरा भाग मोठा वाटतो: दवाखान्याबरोबर त्यांनी शेतीत हात घातला, रेशन दुकान चालवले. कुपोषणावर औषध देता देता डॉक्टर ज्वारीच्या पोत्यापाशी पोहोचतो, तेव्हा तो योग्य रस्त्यावर आहे असे समजावे.

८. वहीत खरे लिहावे.

जन्मल्यावर एकदा श्वास घेतलेले, एकदा रडलेले बाळ मेले, तर तो अर्भकमृत्यू. श्वासच घेतला नाही तर उपजत मृत्यू. पहिला आकडा वाढला की आढावा बैठकीत उभे करतात. दुसऱ्याला फारसे कोणी विचारत नाही. मग वहीतली बाळे न रडताच जन्मू लागतात. एका बैठकीत मला वरून सुचवले गेले की "जरा बघून लिहा". मी बघूनच लिहिले होते.

२००१ साली डॉ. बंग आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल काढला आणि सरकारी नोंदींत बालमृत्यू किती कमी दाखवले जातात ते मांडले. खळबळ उडाली. नोंद चुकली तर पैसा चुकीच्या जागी जातो, माणूसबळ चुकीच्या जागी जाते, आणि ज्या गावाला सगळ्यात जास्त गरज ते कागदावर सगळ्यात सुखी दिसते. जी सिस्टर जास्त मृत्यू नोंदवते तिचे गाव वाईट असेलच असे नाही. कदाचित तीच एकटी घरोघर जात असेल. साहेब लोकांनी तिला ओरडण्याआधी तिचा प्रवासभत्ता तपासावा.

९. जंतू मरतो, दार बंदच राहते.

अमरावतीचे तपोवन सगळ्यांना माहीत आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, आमच्याकडचे लोक त्यांना दाजीसाहेब म्हणत, १९४६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी ते उभे केले. त्या काळी औषध हाती नव्हते. काम, घर आणि माणूस म्हणून वागणूक, एवढेच देता येत होते. पुढे बहुविध औषधोपचार आला, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्यांची पाकिटे, आणि रोग पूर्ण बरा. २००५ अखेर देशपातळीवर कुष्ठरोग दहा हजारांमागे एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले, आणि मग सर्वेक्षणातला जोरही ओसरला.

चट्टा तपासायला काही लागत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, पेनाच्या टोकाने हलके टेकवायचे, कुठे लागले ते बोटाने दाखवा म्हणायचे. दर्यापूरकडच्या एका गावात एक बाप असा बसला होता. हातावर, मानेवर बरोबर दाखवत गेला. पाठीवरच्या फिकट चट्ट्यावर मी तीनदा टेकवले, तो वाट बघत बसला. डोळे उघडल्यावर माझ्या तोंडाकडे पाहून त्याला समजले. "पोरीचं लगन होऊ द्या, मंग गोया घेतो, बाई," म्हणाला. गोळ्या मी त्याला घरी नाही, बाजारच्या दिवशी उपकेंद्रात देत गेले, बीपीच्या रुग्णांच्या रांगेत. गुप्तता पाळा असे प्रशिक्षणात एका ओळीत सांगतात. प्रत्यक्षात ती रांगेच्या रचनेत असते, कपाटाच्या जागेत असते, आशाताईच्या तोंडात असते.

१०. रुग्णाबरोबरच्या माणसाची भाकरी कोणी मोजत नाही.

गाडगेबाबा म्हटले की सगळ्यांना खराटा आठवतो. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा हा माणूस, जन्म १८७६ चा. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायची. त्यांच्या नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, त्यात मीही गावोगाव फिरले. पण आरोग्याच्या नोकरीत मला बाबांचे जास्त नवल वाटले ते धर्मशाळांसाठी. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभी केली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने ओळखले की गरिबाचा इलाज खाटेवर अडत नाही, खाटेखाली झोपणाऱ्या बायकोमुळे अडतो. ती कुठे शिजवणार, कुठे आंघोळ करणार, किती दिवस टिकणार? ती थकली की रुग्णाला घेऊन घरी जाते, आणि केसपेपरवर लिहिले जाते: न सांगता निघून गेले.

अकोल्यात सर्वोपचारला किंवा लेडी हार्डिंगला रात्री दहानंतर चक्कर मारा. पायऱ्यांवर, झाडाखाली, पिशवी उशाला घेऊन जी माणसे झोपलेली दिसतील ती कोणत्याही योजनेच्या यादीत नाहीत.

११. योजना ऑपरेशनला पावते, गोळीला नाही.

२०१२ च्या २ जुलैला राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता. २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. ज्यांचे हृदयाचे ऑपरेशन वावर विकल्याशिवाय झाले नसते अशी माणसे मी चालती-फिरती पाहते, तेव्हा या योजनेला नावे ठेवणे मला जमत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळे मोफत झाले, तेही चांगलेच.

तरी एक गोष्ट खटकते. बीपीची गोळी रोज, वर्षानुवर्षे, न चुकता मिळाली तर पक्षाघात टळतो. ती गोळी उपकेंद्रात एक महिना असते, दुसऱ्या महिन्यात संपलेली. रुग्ण दोनदा परत जातो, तिसऱ्यांदा येत नाही. मग काही वर्षांनी त्याला दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर रेशनकार्ड हातात धरून बसलेला पाहावे लागते, तोंड एका बाजूला गेलेले. ऑपरेशनचा खर्च भागवला की त्याचे कार्ड दाखवता येते, समारंभ करता येतो. न आलेल्या पक्षाघाताला हार घालायचा तर कोणाच्या गळ्यात?

१२. ओपीडीची वेळ कोणाच्या सोयीची, ते विचारावे.

ओपीडी सकाळची असते. निंदायला जाणारी बाई त्याच वेळी वावरात असते. दवाखान्यात यायचे तर तिचा रोज बुडतो, शिवाय ऑटोचे भाडे. म्हणून ती अंगावर काढते, आणि संध्याकाळी गावातल्या विनापदवीच्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावून घेते, कारण तो सात वाजता उघडा असतो आणि उधारीवर लावतो. त्याला बोगस म्हणून धाड टाकणे योग्यच. पण धाड टाकणारे पथक पाचला परत जाते. सरकारी केंद्रात कागदावर संध्याकाळचीही ओपीडी आहे. तिच्या वेळेला मी कितीतरी ठिकाणी फक्त कुलूप पाहिले.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या फेब्रुवारीत, अमरावतीत बाकीच्या राज्याच्या आधी टाळेबंदी लागली, तेव्हा त्याच यंत्रणेने रात्री-अपरात्री काम करून दाखवले. म्हणजे जमत नाही असे नाही.

अमरावतीत २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले आहे, अकोल्यात तर २००२ पासूनच आहे. तिथली पोरे गावात पाहणीला येतात. मला विचारले तर मी त्यांना तीन कागद मागून घ्यायला सांगते: पंचायतीचे थकलेले वीजबिल, यष्टीचे वेळापत्रक आणि उपकेंद्राचे औषधसाठ्याचे रजिस्टर. एका मुलीने खरेच तिन्ही आणले. शेवटची यष्टी पावणेपाचला, संध्याकाळची ओपीडी चारला उघडते, आणि बीपीची गोळी मागच्या महिन्याच्या वीस तारखेपासून शून्य. आता ती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज लिहिते आहे. मी तिला म्हटले, यष्टीच्या डेपोलाही एक प्रत टाक.